तिसरा पट्टा अर्धा

कसबा बावडा, कोल्हापूर
१७ ऑगस्ट १९९९

आप्पा, शरणु.

फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही 'राँग नंबर' म्हणता आणि ठेवून देता. गेल्या खेपेला तर मी तोंड उघडायच्या आधीच म्हणालात. म्हणून हे पत्र. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाडा.

मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं बोलायची सवय लागली नाही ती नाहीच. आमचा हॉलंडला गेलेला पहिला माल वाया गेला. सागवानी जेवणाची टेबलं आणि खुर्च्या, मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत पाठवल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात इथून निघाल्या तेव्हा त्यांच्यावरून हात फिरवत राहावंसं वाटत होतं. तिकडे थंडीत घराघरात हीटर लागले आणि लाकूड आखडलं. टेबलांच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या, खुर्च्यांचे पाय डुगडुगायला लागले. निर्यातदार म्हणाला, लाकूड ओलं होतं. होतंच की! कोल्हापूरच्या पावसात डब्यातलं मीठ पाणी सोडतं, तिथे लाकडाचं काय घेऊन बसलात? मोठ्या कारखान्यांकडे लाकूड वाळवायच्या भट्ट्या असतात. आमच्याकडे पत्र्याचं छप्पर आहे आणि केरबा मिस्त्री आहे.

दोन उन्हाळे बघितल्याशिवाय लाकूड वखारीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे मी तुमच्या मांडीवर बसून ऐकलं. करवतीनं तुमच्या उजव्या हाताच्या बोटाचं टोक नेलं, त्या दिवशीसुद्धा दवाखान्याच्या रिक्षातून तुम्ही आपल्या दिवाणजी मल्लेशअण्णाला ओरडून सांगत होता, "नवा माल कुनाला द्यायचा न्हाय, वल्ला हाय अजून!" सगळं जयसिंगपूर हसलं होतं. आता इथे कुणी दोन उन्हाळे थांबत नाही. आज तोडलं, उद्या चिरलं, परवा विकलं.

तसं थांबलेलं लाकूड तुमच्याकडे आहे, हे मला माहीत आहे. मी ते मागत नाही. मी लग्न करून निघाले तेव्हा उंबऱ्यात उभं राहून तुम्ही म्हणालात, "सुताराच्या घरात चाललीस तर चाल. माझ्या वखारीचं लाकूड तुझ्या दारात यायचं न्हाय." तुमचा शब्द म्हणजे काय हे मला नव्यानं शिकायला नको. तो मोडा असं मी कधी म्हणणार नाही.

निर्यातदारानं आणखी एक संधी दिली आहे. तोही माल तडकला तर कारखाना बंद करायचा आणि बाळासोंनी शिरोलीच्या एखाद्या फॅक्टरीत नोकरी धरायची, असं आमचं ठरलंय. बाळासो म्हणजे तुमचे जावई. तुम्ही मानत नसला तरी आहेत, आणि चांगले आहेत. एवढं कळावं म्हणून लिहिलं.

तुमची राँग नंबर,
दानू

कसबा बावडा
६ एप्रिल २०००

आप्पा, शरणु. पाडव्याच्या, नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

आनंदाची बातमी आधी सांगते, नाहीतर पोटात राहायची नाही. आम्हाला लाकूड मिळालं! आमच्या गल्लीच्या टोकाला ज्ञानू पाटलांची सॉ मिल आहे. तिथूनच आम्ही लाकूड चिरून घेतो. त्यांच्याकडे अचानक असा सागवान यायला लागलाय की बाळासोंनी पहिल्या फळीवर बोटांनी टकटक करून बघितलं आणि तसेच खाली बसले. खणखणीत आवाज. पूर्ण वाळलेलं, कुठे पीळ नाही की चीर नाही. शिवाय दांडेलीच्या सरकारी जंगलाच्या लिलावाचे पास सोबत. हल्ली हॉलंडवाले विचारतात, झाड चोरून तोडलेलं नाही कशावरून? आता तोंडावर कागद टाकता येतो.

मी ज्ञानू पाटलांना विचारलं, माल कुणाचा? म्हणाले, "कराडची पार्टी हाय, वैनी. तुमी फकस्त काम करा की, कशाला चौकशा?"

त्या कराडच्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण रोज सकाळी देवापुढे त्याची आठवण काढते. नाव माहीत नाही, म्हणून नुसतंच 'कराडकरांना उदंड आयुष्य दे' म्हणते. आजच्या काळात कोण एवढं लाकूड राखून ठेवतं? माणूस तुमच्यासारखाच असणार. फक्त स्वभावानं बरा.

दुसरा माल गेला. आता थंडीची वाट बघायची.

दानू

कसबा बावडा
दिवाळीचा पाडवा, २००१

आप्पा, शरणु.

फराळाचा डबा परत मिळाला. रिकामा, आणि धुतलेला. मल्लेशअण्णाला फोनवर विचारलं, तर म्हणतो, आप्पांनी कुत्र्याला घातला. आपल्याकडे कुत्रं कधीपासून? आणि त्याला माझ्या करंज्या आवडल्या का, तेवढं कळवा. खोबरं जरा जास्त झालं होतं.

तिकडच्या दोन थंड्या… नाही, एक पूर्ण गेली आणि दुसरी लागली. एकही फट नाही. मध्यंतरी निर्यातदाराचा फोन आला होता. चीनचा माल इतका स्वस्त येतोय म्हणे की तिकडचं गिऱ्हाईक आपल्याकडे बघायलाच तयार नाही. इथल्या ओळखीच्या दोघांनी कारखाने बंद केले. एकानं तर शेडमध्ये मंगल कार्यालय काढलंय. मला वाटलं, आता आमची पाळी. पण हॉलंडच्या व्यापाऱ्यानं स्वतःहून सांगितलं, या लोकांचं लाकूड हलत नाही, यांचं चालू ठेवा.

यांचं म्हणजे आमचं, आप्पा. आणि खरं तर कराडकरांचं. त्यांनाही एक डबा पाठवणार होते, पण ज्ञानू पाटील पत्ता देत नाहीत. देवमाणूस आहे आणि पत्ता लपवतो, हे काही मला कळत नाही.

दानू

कसबा बावडा
९ सप्टेंबर २००३

आप्पा,

शरणु सगळ्यात शेवटी म्हणेन. आधी हे पूर्ण वाचा, आणि उभे असाल तर बसून वाचा.

आमचा माल हॉलंडच्या बंदरात अडकलाय. परदेशी लाकडातून कीड आणि बुरशी येते म्हणून तिकडे सध्या फार धसका घेतलाय. तपासणाऱ्यानं आमची टेबलं उलटी केली. टेबलाखाली वाकून बघायची सवय कुणाला असते? त्यांना असते. काही टेबलांच्या खालच्या अंगाला पॉलिशच्या आत पांढरं काहीतरी दिसलं. बुरशी असेल, नाहीतर कसलं विषारी औषध असेल, असं म्हणून सगळा माल रोखला. निर्यातदारानं फोटो ईमेलनं पाठवले. मी आणि बाळासो राजारामपुरीच्या इंटरनेट कॅफेत गेलो. फोटो वरून खाली सावकाश उघडत होता. आधी टेबलाचा पाय आला, मग फळी, मग एक पांढरा पट्टा. मग दुसरा. मग तिसरा, आणि तो अर्धाच.

आप्पा, मी त्या कॅफेत सगळ्यांदेखत रडले. बाळासोंना वाटलं, कारखाना बुडाला म्हणून रडतेय. ते मला सारखे म्हणत होते, "आगं नोकरी करतो की मी, रडतीस कशाला?" त्यांना काय सांगणार?

तुम्ही रोज सकाळी माझ्या कपाळाला भस्म लावायचात. तीन बोटांचे तीन पट्टे, आणि टोक गेलेल्या बोटाचा तिसरा पट्टा मध्येच संपायचा. शाळेत मुली चिडवायच्या, तुझ्या बापाकडचं भस्म संपलं वाटतं. मी घरी येऊन पाय आपटायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्यापुढेच कपाळ धरायचे. वखारीत नवी थप्पी लागली की तिच्या पहिल्या फळीलाही तुम्ही तसेच पट्टे ओढायचात. असे तीन पट्टे ओढणारा हात जगात एकच आहे, आणि तो कराडला राहत नाही.

घरी येऊन मी केरबाला विचारलं, सगळ्या फळ्या लोण्यासारख्या करतोस, मग या का सोडल्यास? तो म्हणाला, "वैनी, भस्म लावल्यालं लाकूड त्ये. त्येच्यावर रंधा कसा फिरवू? आमच्यानं न्हाय व्हायचं. खालच्या अंगाला घेतलं आन् वरनं पॉलिश मारलं. म्हटलं, कोण वाकून बघतंय!" त्याला कशी रागावू? ती फळी माझ्या हातात आली असती, तर मी तरी रंधा फिरवला असता का?

मग ज्ञानू पाटलांकडे गेले. ते आधी 'कराड, कराड' करत राहिले. फोटोचा कागद पुढे ठेवला, तेव्हा टोपी काढून मांडीवर ठेवली. "काय करू, वैनी? आप्पा सोता आलतं. म्हणालं, माझं लाकूड तिच्या दारात जायाचं न्हाय, तुझ्या दारात येतंय. तितनं म्होरं कुठं जातंय त्ये मला सांगू नगंस. आन् तिला सांगितलंस तर माल बंद."

म्हणजे माझं पहिलं पत्र तुम्ही फाडलं नव्हतं. आणि शब्द राखून मला जगवायची वाट शोधलीत. इतकी वर्षं मी देवापुढे ज्याचं आयुष्य मागत होते, ते तुम्ही होतात. 'स्वभावानं बरा' असं लिहिलेलं वाचून तुम्हाला काय वाटलं असेल, हे आठवून मला आता हसूही येतं आणि लाजही वाटते.

आता कामाचं. मी निर्यातदाराला फोन करून सांगितलं की ती राख आहे.

"कशाची राख, मॅडम?"

"शेणाच्या गोवऱ्यांची."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मॅडम, शेण हा शब्द कागदावर येता कामा नये."

मी म्हटलं, तोच शब्द येणार. चांगली भाजलेली राख आहे, तिच्यात कीडही जगत नाही आणि बुरशीही. खोटं लिहून माल सोडवायचा नाही. तिकडे तपासणी झाली, बुरशी नाही हे त्यांना पटलं. पण आता त्यांना लेखी पाहिजे. लाकूड मुळात ज्या वखारीतून निघालं, तिच्या मालकानं स्वतः सही करून द्यायचं, की लाकूड कुठल्या लिलावातलं, किती वाळवलं, ही राख कशाची आणि माल कुणासाठी दिला. ज्ञानू पाटलांची सही त्यांना चालत नाही. कराडकरांची चालली असती, पण ते जन्मालाच आले नाहीत. दसऱ्यापर्यंत कागद मुंबईला पोहोचला नाही, तर माल परत आणि पुढचं काम बंद. कारखाना त्यानंतर उभा राहायचा नाही.

हे पत्र लिहायला मी चार दिवस लावले. मला कळलंय, हे तुम्हाला कळलं की तुम्ही लाकूड थांबवाल, अशी भीती वाटते. तुमचा हेका मला माहीत आहे, तोच माझ्यातही आहे. पण गप्प बसले तर कारखाना जातो. आणि कारखान्याचं नसतं, तरी फार दिवस गप्प बसवलं नसतं. ज्याच्या जिवावर आमची आणि केरबासारख्या आठ-दहा घरांची चूल पेटली, त्याला एकदा त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची होती. रेवणसिद्ध आप्पा, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.

सही दिली नाहीत तरी चालेल. छे, चालणार नाही, पण मी रागावणार नाही.

शरणु.
दानू

कसबा बावडा
२२ सप्टेंबर २००३

आप्पा, शरणु.

ज्ञानू पाटलांकडे या महिन्याची गाडी आली नाही.

मी रागावणार नाही म्हटलं होतं. थोडी रागावले. भांडी जरा आपटली. मग मागच्या बाजूला जाऊन उरलेल्या फळ्या बघत उभी राहिले. किती जपून रचून दिलेल्या असायच्या! दोन फळ्यांमध्ये वारा खेळावा म्हणून पट्ट्या, अगदी आपल्या वखारीत असतात तशा. हे मला आधी कसं दिसलं नाही? लाकडाकडे बघायच्या ऐवजी मी कराडकडे बघत बसले.

बाळासो काल शिरोलीला जाऊन नोकरीचं विचारून आले. मला सांगितलं नाही, शर्टाच्या इस्त्रीवरून कळलं. केरबा हत्यारांना तेल लावून ठेवतोय, जणू ती गावाला निघाली आहेत.

जे दिलंत ते पुष्कळ दिलंत, आप्पा. हे रुसून लिहीत नाही. तुम्ही दिलेल्या लाकडाची टेबलं घेऊन कुठल्या कुठल्या घरांत लोक जेवतात, आणि एकाचंही टेबल हलत नाही. कारखाना राहिला नाही, तरी ती टेबलं राहतील.

दानू

कसबा बावडा
४ ऑक्टोबर २००३, खंडेनवमी

आप्पा, शरणु.

मी सकाळी अंबाबाईला गेले होते. नवरात्रातली रांग तुम्हाला माहीत आहे. बाळासो शिरोलीला. आणि तुम्ही नेमके तेव्हाच आलात. आम्ही दोघं घरात नाही हे बघून आलात की तुमचं नशीबच तसलं, ते तुम्हालाच ठाऊक!

परत आले तर कारखान्याच्या दारात सागवानाची थप्पी. ज्ञानू पाटलांच्या दारात नव्हे. माझ्या दारात. मी चपला घालूनच धावत आत गेले. केरबा एकटाच होता, त्याचा चेहरा असा झालेला की मला वाटलं कुणाचा हात कापला.

"आप्पा आलतं, वैनी. टरकात म्होरं बसून. मी म्हटलं, बसा की, वैनी येतीलच. बसतंय कुठलं! उभ्यानं पाणी पिलं. मग म्हणालं, एक टेबल उलटं कर. केलं. तिथल्या भस्माकडं बघितलं आन् मला म्हणालं, 'रंधा मारायचा की रं, येड्या! भस्म पुसलं तर देव रागवत न्हाय, गिऱ्हाईक रागवतंय.'"

मी हसले, आणि हसता हसता केरबानं कागद पुढे केला. वखारीचा शिक्का, तुमची सही. मल्लेशअण्णानं सगळं इंग्रजीत टाइप करून दिलंय. राखेबद्दलही स्पष्ट लिहिलंय, शेणासकट. फक्त माल कुणासाठी दिला, त्यापुढे त्यानं जागा मोकळी सोडली होती, आणि तिथे तुम्ही स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलंय: सौ. दानेश्वरी बाळासो सुतार, माझी मुलगी.

माझं लग्नानंतरचं नाव तुमच्या अक्षरात मी पहिल्यांदाच बघितलं. बाळासोंनी परत आल्यावर ते दोनदा वाचलं, मग तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आता कागद घेऊन मुंबईच्या गाडीला बसलेत, टपालावर त्यांचा विश्वास नाही. निर्यातदाराला फोनवर वाचून दाखवला. म्हणाले, एवढं पुरे, माल सुटेल. मराठी ओळीचं तेवढं इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल. मी म्हटलं, ते मी करते, ते दुसऱ्या कुणी करायचं नाही, आणि लिहून बाळासोंसोबत दिलं.

मग थप्पी बघितली. वरची फळी, खालची, मधल्या. कुठेच पट्टे नाहीत. आम्हाला हवं होतं ते तसंच. बरं झालं असं म्हणायला पाहिजे होतं, पण म्हणता आलं नाही. लाकूड आलं, सही आली, नाव आलं, आणि मी आपली तीन पट्टे शोधत बसलेले.

दुपारी हत्यारांची पूजा मांडली. करवती, पटाशा, रंधे, सगळ्यांना हळदकुंकू. दाराला झेंडूचं तोरण बांधायला मी स्टुलावर चढले, आणि चौकटीवर हात टेकणार तेवढ्यात थांबले. उजव्या अंगाला, उंच माणसाचा हात सहज पोहोचेल तिथे, तीन पट्टे. तिसरा अर्धा.

मी केरबाला हाक मारली. तो म्हणाला, "जाताना चौकटीला धरून जरा हुबं राह्यलंतं. मला वाटलं, चक्कर आली."

स्टुलावरून उतरून मी त्याखाली कपाळ टेकलं. लहानपणी टेकायचे तसं.

आप्पा, शब्द मोडून तुमचं लाकूड माझ्या दारात आलंच आहे, तर पुढच्या खेपेला तुम्हीही दारातून आत या. करंज्या करते, या वेळी खोबरं बेतानं घालते. आणि चौकटीची काळजी करू नका. आज खंडेनवमी, आज कुणी रंधा हातात धरत नाही. पण केरबाला सांगून ठेवलंय, उद्यापासून सगळ्या लाकडाला रंधा मारायचा, फक्त तिथे नाही. ती चौकट कुठल्याच बंदरात जायची नाही.

तुमची मुलगी,
दानेश्वरी बाळासो सुतार